मालकाच्या रकान्यात पणजोबा सापडणार नाहीत

वाचकाचं पत्र:

"ताई, मी चिंचवडला राहते. माहेर माळीनगरचं. आजी सांगायची, आपण मूळचे सासवडचे. आधी नीरेच्या पाटावर गेलो, मग गोदावरीच्या, आणि तिथून इकडे आलो. वडील गेल्यानंतर त्यांच्या कपाटात एका जुन्या शाळेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका मिळाली. तीत १९२३ साली सासवडकडून कोपरगाव तालुक्यात आलेल्या बागायतदारांमध्ये पणजोबांचं नाव आहे, गावही दिलंय. मी त्या गावचे सातबारे ऑनलाइन पाहिले. आमच्या आडनावाचा एकही उतारा नाही. म्हणजे स्मरणिकेत खोटं छापलंय का? धाकट्या काकांना विचारलं तर म्हणाले, 'मुलीला जमिनीचे कागद कशाला हवेत?' तेव्हापासून त्यांनी फोन घेणं बंद केलंय. मला हिस्सा नको आहे. ही माणसं कुठून कुठे गेली, का गेली, एवढंच कळायला हवंय. सुरुवात कुठून करू?"

उत्तर:

स्मरणिका खोटी ठरवायची घाई करू नका. तुम्ही पाहिलात तो आजचा सातबारा. त्यावर आज जमीन कोणाच्या नावावर आहे एवढंच दिसतं. शंभर वर्षांपूर्वी ती कोण कसत होतं, हे त्यावर दिसायचं काही कारण नाही. तुमच्या पणजोबांसारखी पाटाच्या पाण्यामागे गेलेली बहुतेक माणसं नव्या गावात जमीन विकत घेत नसत, खंडाने, म्हणजे ठरावीक मोबदल्यावर कसायला घेत. मालक तिथलाच, स्थानिक. जमीन काळी पण जिरायत. नवं पाणी आलं तरी उसाला लागणारं भांडवल आणि ऊस करण्याचा अनुभव त्याच्याकडे नसायचा. सासवडच्या माळ्यांकडे अनुभव होता. कऱ्हेकाठी विहिरीवर मोट लावून ऊस आणि माळवं पिकवणारी ही माणसं, गूळ करण्यात तरबेज. त्यांनी जमीन ठरावीक मुदतीने खंडावर घ्यायची, ऊस लावायचा, गुऱ्हाळ घालायचं, गूळ बाजारात पाठवायचा. वर्षानुवर्षं पाणी देऊन जमिनीत खार फुटू लागला की दुसरा तुकडा, दुसरं गाव बघायचं. अशा माणसाचं नाव मालकाच्या रकान्यात शोधलं तर हाती काही लागत नाही. ते असतं कुळाच्या रकान्यात, इतर हक्कात, फेरफाराच्या (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाच्या) मजकुरात, शाळेच्या रजिस्टरात आणि पाणीपट्टीच्या वहीत. तुमच्या पूर्ण शोधाची दिशा यावरूनच ठरणार आहे, म्हणून हे आधी लिहिलं.

आजीच्या वाक्याकडेही नीट पाहा. तिने सांगितलेल्या तीन मुक्कामांचा क्रम इतिहासाशी तंतोतंत जुळतो. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचं काम झालं आणि १८८० च्या दशकात बारामती भागात पाणी खेळू लागलं. सासवडहून बैलगाडीने जाण्याच्या टप्प्यात असलेला हा मोठा पाट. पुढे १९१० च्या दशकात दारणेच्या पाण्यावर गोदावरीचे कालवे आले आणि कोपरगावचं शिवार भिजलं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, त्याने प्रवरेचा भाग बागायती झाला. मग १९२९ नंतर जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले, गुळाचेही कोसळले. १९३२ मध्ये सरकारने आयात साखरेविरुद्ध देशी साखरेला संरक्षण दिलं आणि गुळापेक्षा साखर फायद्याची ठरू लागली. त्याच १९३२ मध्ये नीरा उजव्या कालव्यावर, माळशिरस तालुक्यात सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी राहिली. शेतकऱ्यांनी स्वतः भागभांडवल घालून काढलेली कंपनी. प्रवरेकाठच्या लोणी गावच्या सहकारी साखर कारखान्याच्या बरीच आधीची ही गोष्ट, आणि तिचं महत्त्व पुरेसं सांगितलं जात नाही असं मला फार वाटतं. सांगायचा मुद्दा असा, की १९२३ ला कोपरगाव तालुक्यात असलेलं कुटुंब १९३२ नंतर माळीनगरला असणं अगदी स्वाभाविक आहे. स्मरणिका आणि आजी एकच गोष्ट सांगताहेत.

आता सुरुवात. तुम्ही कोपरगावपासून शोध धरलात, पण सुरुवात सासवडपासून करा. कारण सरळ आहे. जिथे माणूस खंडकरी म्हणून राहिला तिथे त्याची नोंद विरळ आणि दुय्यम असते. जिथून निघाला तिथे वडिलोपार्जित दोन-चार गुंठे का होईना, नाव लागलेलं असतं, आणि निघून गेल्यावरही ते पुष्कळ वर्षं तसंच राहतं. मग कोणीतरी मयत होतं. वारसांची नोंद करायला फेरफार पडतो. त्या फेरफारात वारसांची नावं, नाती, वयं आणि पुष्कळदा 'हल्ली राहणार' म्हणून नव्या गावाचं नाव येतं. घर सोडून गेलेल्या कुटुंबासाठी हे दोन शब्द सोन्यासारखे. सासवडच्या एका वारस फेरफारात एक भाऊ 'ह. रा. बारामती', दुसरा 'ह. रा. कोपरगाव' असं लिहिलेलं मिळालं की पुढे कुठे जायचं ते कागदच सांगतो.

फेरफार म्हणजे गाव नमुना ६. सासवडच्या तलाठी कार्यालयात (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अलीकडच्या वह्या असतात. जुन्या वह्या पुरंदर तहसीलच्या अभिलेख कक्षात जातात. आजच्या सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक लिहिलेले दिसतात. त्यातला सगळ्यात जुना क्रमांक घ्या, तो फेरफार काढा. त्यात आधीच्या नोंदीचा उल्लेख असतो, मग तो काढा. असं एकेक करत मागे जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. म्हणून ही साखळी साधारणपणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत नेता येते. त्याच्या मागे जायचं तर भूमी अभिलेख कार्यालयातली मोजणीची जुनी कागदपत्रं लागतात. पण तिथे आत्ता जाऊ नका. पहिल्याच दिवशी पेशवे दफ्तराची स्वप्नं बघणारे पुष्कळ भेटतात, आणि आजोबांचा वारस फेरफार मात्र कोणी काढलेला नसतो.

वाटेत एक अडचण हमखास येईल. सर्व्हे नंबर आणि गट नंबर वेगळे निघतील. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगावी जमिनींची फेरजुळणी झाली आणि जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. कोणता जुना नंबर कोणत्या गटात गेला, याचा तक्ता तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात मिळतो. 'एकत्रीकरण योजनेचा उतारा' एवढं म्हटलं की कळतं. तो हाती नसेल तर साखळी मध्येच तुटते आणि माणसाला वाटतं की कागद गहाळ झाले.

दुसरी अडचण नावांची, आणि तुमच्या बाबतीत ही सगळ्यात मोठी आहे. तुम्ही आडनावाने शोधलंत. १९२० च्या दशकातल्या कागदात आडनाव असेलच असं नाही. 'तुकाराम बिन रामजी माळी' असं लिहिलेलं असेल. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि आडनावाच्या जागी जात. बाई असेल तर 'सखूबाई कोम तुकाराम', म्हणजे तुकारामची बायको. नव्या गावात तर लोकांनी यांना सरसकट 'सासवडकर' म्हटलं असेल आणि तलाठ्याने तेच उतरवलं असेल. म्हणून शोधताना पणजोबांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव ही जोडी धरा. त्या दोघांची नावं तुम्हाला पक्की ठाऊक नसतील तर सासवडचा वारस फेरफार ती देईल. तिथूनच सुरू करा म्हटलं त्याचं हेही एक कारण. संक्षेपही समजून घ्या. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तसं लिहिलं असेल तर त्या एका नावामागे सगळे भाऊ उभे आहेत असं समजा. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस तेव्हा लहान होता. पणजी 'अ.पा.क.' म्हणून आली असेल तर तिच्या पदरात लहान मुलं टाकून पणजोबा गेले, एवढं त्या तीन अक्षरांतून कळतं.

जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर घाबरू नका. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून तहसीलच्या अभिलेख कक्षांमधल्या जुन्या वह्या बाहेर निघाल्या, कित्येक स्कॅन झाल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. त्या वह्यांमध्ये फक्त कुणब्यांच्या नोंदी नाहीत, त्याच पानांवर माळी, धनगर, मराठे, महार, सगळं गाव आहे. त्यातलं गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची वही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते आवर्जून बघा. तुमच्या आजोबांचा जन्म सासवडला, बारामतीला की कोपरगाव तालुक्यात झाला, याचं उत्तर तिथे असण्याची चांगली शक्यता आहे. बारामतीच्या जुन्या कागदांवर 'तालुका भीमथडी' दिसेल. दुसरंच गाव आहे समजून ते बाजूला ठेवू नका.

आता कोपरगावचा मुक्काम. आधी ते गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं ते ठरवा. राहाता तालुका १९९९ मध्ये कोपरगावातून वेगळा झाला. श्रीरामपूरच्या बाजूचं गाव असेल तर आणखी गुंता, कारण आज श्रीरामपूर तालुक्यात असलेलं खुद्द बेलापूर १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये राहुरी तालुक्यात आहे. नवा तालुका झाला तरी सगळ्या जुन्या वह्या त्याच्या मागे गेल्या असतील असं धरून चालू नका. दोन्ही तहसीलांत विचारा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जुन्या कागदांवर अहमदनगरच असणार, ऑनलाइन शोधताना दोन्ही घालून बघा.

त्या गावच्या १९२० ते १९३५ या काळातल्या फेरफार वह्या मागा. मुदतीच्या पट्ट्याने दिलेल्या जमिनीची नोंद त्यात सापडू शकते: अमक्याची जमीन तमक्याने इतकी वर्षं, इतक्या खंडाने घेतली. याहून भरवशाची जागा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवावा लागतो. नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक १ ही माणसांच्या नावांवरून लावलेली असते, सूची क्रमांक २ मिळकतीवरून. गावातला सर्व्हे नंबर ठाऊक नसल्याने तुम्हाला सूची १ कामाची. शोधाची फी भरायची, वर्षं सांगायची आणि पानं चाळायची. खंडपत्र सापडलं तर त्यात चतुःसीमा, पाटाचं पाणी कोणत्या चारीचं, खंड रोख की गुळाच्या रूपात, मुदत संपल्यावर विहीर आणि गुऱ्हाळाची चूल कोणाची, असं बरंच सापडू शकतं. घराण्याचा इतिहास लिहायचा तर या एका दस्तातून अख्खं प्रकरण निघेल.

'खंडकरी' या शब्दाने मात्र गोंधळून जाऊ नका. आज वर्तमानपत्रात खंडकरी शेतकरी म्हणतात ते साखर कंपन्यांना जमिनी खंडाने *देणारे* मूळ मालक. हरेगावची बेलापूर कंपनी आणि अशाच इतर कारखान्यांनी मोठाली क्षेत्रं खंडाने घेतली. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आल्यावर ती शासनाकडे आणि १९६३ पासून शेती महामंडळाकडे गेली. मूळ मालकांना ती परत मिळायला २०१२ उजाडलं. तुमचे पणजोबा जमीन *घेणारे* होते. कोणी तुम्हाला 'खंडकऱ्यांच्या यादीत नाव बघा' म्हणेल, त्यात वेळ घालवू नका.

याच्याशी जोडलेला एक कायद्याचा धागा आहे, कारण तुमच्या मनात पुढचा प्रश्न येणारच: इतकी वर्षं कसली तर कुळकायद्यात जमीन नावावर का झाली नाही? १ एप्रिल १९५७ ला कुळं जमिनीची मालक झाली, हे सर्वांना ठाऊक असतं. पण १९४८ च्या कुळकायद्यातलं कलम ४३अ उसासाठी, फळा-फुलांसाठी दिलेल्या पट्ट्यांना त्या तरतुदींतून बाहेर ठेवतं. म्हणजे ज्वारी कसणारं कूळ मालक झालं, आणि शेजारच्या बांधावर खंडाने ऊस करणाऱ्याला तो हक्क मिळाला नाही. गोदावरीच्या पाटावर तुमचे कोणी भाऊबंद मागे राहिले असतील आणि तरीही त्यांचा मागमूस सातबाऱ्यावर नसेल, तर कारण इथे असू शकतं. गावातल्या कोणी जमीन हडपली असं मनात आणण्यापूर्वी हे तपासा. अशा अर्धवट समजुतींवर पिढ्यान् पिढ्या वैरं चालतात.

आता सगळ्यात मौल्यवान गोष्ट सांगते, जिचा जमिनीशी थेट संबंधच नाही. शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल-खारीज. पणजोबांबरोबर मुलं असणार, आणि ती तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेत गेली असणार. ती शाळा आज जिल्हा परिषदेची आहे. मुख्याध्यापकांना भेटून जुनं रजिस्टर उघडायला लावा. लांबलचक आडव्या ओळीत मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने असतात. जन्मतारखेवर विसंबू नका. मास्तरांनी अंदाजाने १ जून घातलेली पुष्कळ मुलं सापडतील. पण जन्मस्थळ, आधीची शाळा आणि सोडल्याचं कारण हे तीन रकाने तुमच्यासाठीच आखलेत असं समजा. जन्मस्थळ सासवड, आधीची शाळा बारामती तालुक्यातली, दाखल १९२३, सोडली १९३३, कारण 'परगावी गेल्याने': अशी एक ओळ मिळाली तर आजीचे तिन्ही मुक्काम एका रेषेत आले. मग माळीनगरच्या शाळेच्या रजिस्टरात त्याच मुलाची 'आधीची शाळा' बघा. तिथे कोपरगाव तालुक्यातल्या शाळेचं नाव असेल तर दोन्ही टोकं जुळली. मला तर असं वाटतं की कुटुंबाच्या स्थलांतराचं साल ठरवायला याच्याइतका विश्वासू कागद दुसरा नाही, कारण तो लिहिताना कोणाला काही मिळवायचं नव्हतं.

पाण्याच्या नोंदी शोधाच, मात्र त्या मिळणं नशिबावर आहे. पाटाचं पाणी घ्यायला पाटबंधारे खात्याकडे अर्ज करावा लागे, तो सात नंबरचा फॉर्म. उसाचे ब्लॉक, म्हणजे उसासाठी पाणी द्यायचं क्षेत्र, मंजूर होत, पाणीपट्टीची आकारणी होई, आणि ती पाणी घेणाऱ्याच्या नावाने होई, मालकाच्या नावाने नव्हे. तुमच्या कामाला ही नोंद अगदी नेमकी. पण इतके जुने कागद उपविभागीय कार्यालयांत फार क्वचित टिकलेत. एकदा विचारून या, अडून बसू नका.

माळीनगरला आल्यावर परिस्थिती बदलते. कारखाना कंपनी असल्यामुळे भागधारकांचं रजिस्टर असतं. पणजोबांच्या किंवा आजोबांच्या नावावर शेअर होते का, ते कधी घेतले, पुढे कोणाच्या नावावर गेले, हे वारसा तपासायला उपयोगी. घरातल्या जुन्या ट्रंकेत शेअर सर्टिफिकेट निघालं तर त्यावरचा क्रमांक आधी उतरवून ठेवा.

पुस्तकांबद्दल सांगायचं राहिलं. स्मरणिकेवरून तुम्ही शोध सुरू केलात हे उत्तम झालं, कारण असली पुस्तकं कोणी जपत नाही. शाळांच्या, सोसायट्यांच्या, कारखान्यांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, ज्ञातीच्या परिचय-पुस्तिका, एखाद्या निवृत्त गुरुजींनी स्वखर्चाने छापलेला गावचा इतिहास: हे सगळं तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात मागच्या कपाटात असतं. ग्रंथपालाला 'स्थानिक इतिहास' म्हणून विचारलंत तर तो शिवचरित्र काढून देईल. गावाची आणि संस्थेची नावं घेऊन विचारा. वाचताना मात्र एक लक्षात ठेवा. स्मरणिका देणगीदारांची, चेअरमनांची आणि पुढाऱ्यांची असते. ज्याने वर्गणी दिली त्याचे वडील 'आद्य बागायतदार' होतात. ज्याचा ऊस रोगाने गेला आणि जो सावकारी कर्जात बुडून सासवडला परतला, त्याला त्यात जागा नसते. म्हणून तिच्यातलं विशेषण सोडून द्यायचं आणि नाव, गाव, साल एवढं उचलायचं. मग ते साल फेरफारात आणि शाळेच्या रजिस्टरात ताडून पाहायचं. तुमच्या स्मरणिकेतलं १९२३ हे एखाद्या म्हाताऱ्याच्या आठवणीवरून लिहिलेलं असू शकतं, त्यामुळे आगेमागे चार-पाच वर्षं धरूनच वह्या मागा.

त्या काळाचं वातावरण समजून घ्यायला दोन गोष्टी चाळा. इंग्रजी अमदानीतली जिल्हा गॅझेटिअरं, म्हणजे अहमदनगरचं १८८४ चं आणि पुण्याचं १८८५ चं; यांत पाट येण्याआधीचा कोपरगाव आणि माळ्यांच्या विहीर-बागायतीचा सासवड परिसर दिसेल. आणि मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून चालवलेलं 'दीनमित्र'. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून निघणारं हे सत्यशोधकी पत्र, तेही नेमक्या याच कालव्यांच्या पट्ट्याच्या शेजारून. त्याचे जुने अंक मिळाले तर शेतकऱ्यांची गाऱ्हाणी, सावकारी, लग्नकार्यं, सभा यांची भाषा कानावर येते. पणजोबांचं नाव नाही सापडलं तरी ते ज्या जगात वावरत होते ते सापडेल.

पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्याही विसरू नका. श्राद्धाला, सिंहस्थाला गेलेल्यांची नावं, मूळ गाव, भावंडं त्यात लिहिलेली असतात. कुटुंब गोदावरीकाठी राहत होतं, म्हणजे नाशिकला जाणं झालंच असेल. मूळ गाव सासवड सांगून विचारा. तिथला शोध गावावरून चालतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. सातबारा आणि फेरफाराची नक्कल कोणीही मागू शकतं, त्यासाठी जमिनीत हिस्सा असावा लागत नाही. कोर्ट फीचं तिकीट लावून अर्ज द्या, गाव, नमुना आणि वर्षं स्पष्ट लिहा. 'आमच्या घराण्याची सर्व कागदपत्रं' असा अर्ज दिलात तर तो पडून राहील. 'आपले अभिलेख' या शासकीय संकेतस्थळावर काही तालुक्यांचे स्कॅन केलेले जुने कागद आहेत, घरबसल्या आधी ते बघा. पण तिथे नाही म्हणजे कुठेच नाही, असं समजू नका. प्रत्येक नकलेच्या मागे ती कोणत्या कार्यालयातून, कोणत्या तारखेला, कोणत्या वहीतून मिळाली ते पेन्सिलीने लिहा. पुढच्या पिढीला हेच लागणार आहे.

आता काका. त्यांच्यावर रागावू नका. आपल्याकडे जमिनीचा कागद काढतो तो भांडणासाठीच, असा पिढ्यांचा अनुभव आहे. त्यात २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, त्यामुळे सासरी गेलेली मुलगी फेरफार विचारू लागली की घरातले पुरुष सावध होतात. त्यांची भीती खरी आहे, तुमचा हेतूही खरा आहे. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. 'मला काही नको, हे घ्या लिहून' असं म्हणून विश्वास मिळवायला जाऊ नका. हक्कसोडपत्र हा कायमचा दस्त आहे. काकांनी बोलावं म्हणून तो करून देणं म्हणजे एका प्रश्नाच्या उत्तरासाठी दुसऱ्याच व्यवहारावर सही करणं. तुम्हाला हिस्सा घ्यायचा की नाही, तो निर्णय वेगळा. तो कधी घ्यायचाच झाला तर वकिलाचा सल्ला घेऊन, शांतपणे घ्या. या शोधात तो मिसळू नका.

म्हणूनच मी तुम्हाला सासवड आणि कोपरगावकडे पाठवतेय. माळीनगरच्या जमिनीचा एकही उतारा तुम्हाला आत्ता लागत नाही. काकांना तसं स्पष्ट कळवा, फोनवर नको, चिठ्ठी लिहा: 'काका, इथल्या जमिनीचे कागद मी काढत नाही, मला १९३२ च्या आधीचं हवंय.' चिठ्ठीसोबत स्मरणिकेतल्या त्या पानाची झेरॉक्स पाठवा. स्वतःच्या आजोबांचं, म्हणजे तुमच्या पणजोबांचं, नाव छापलेलं बघून माणूस विरघळतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. आणि त्यांना जमिनीबद्दल काहीच विचारू नका. तुमचे आजोबा कोणत्या गावच्या शाळेत किती इयत्ता शिकले, त्यांच्याबरोबर सासवडहून आणखी कोणाची घरं आली, गुऱ्हाळ कोणाच्या शेतात असायचं, गोदावरीकडची सोयरीक कोणत्या घरात झाली, एवढंच विचारा. शाळेचं नाव मिळालं की रजिस्टर कुठे आहे ते कळलं, आणि सोयरिकीचं गाव मिळालं की त्या गावात चहाला बसवणारं, जुनी नावं सांगणारं एक घर मिळालं.